दीड ते सव्वादोन

आमचे हे एसटीत चालक आहेत. सध्या त्यांच्याकडे सकाळची सातारा-स्वारगेट गाडी आहे. गाडी साडेपाचला सुटते, म्हणजे पावणेपाचला डेपोत हजर, म्हणजे घरात पावणेचारचा गजर. रात्री नऊला अंथरुणाला पाठ टेकली तर जेमतेम पावणेसात तास झोप होते. हा हिशेब आधी सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं सगळं नुसतं कुत्र्याच्या कटकटीचं गाऱ्हाणं वाटेल.

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर इंग्रजी एसच्या आकाराचं वळण लागतं. तिथं काय काय झालंय ते या रस्त्यावरच्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. मागं चाळीस-पंचेचाळीस माणसं बसलेली, त्यातली निम्मी पहाटेच्या गारव्यात डुलक्या घेणारी. आमच्या घरातल्या झोपेवर त्या सगळ्यांचा हक्क आहे, असं मी मानते.

मोती हा शेजारच्या काकूंचा बारा वर्षांचा पामेरियन. आमच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर आठ-दहा फुटांची बोळ, आणि बोळीपलीकडं दुसऱ्या इमारतीत तळमजल्यावर काकूंची गॅलरी. आम्ही शाहूपुरीत राहायला आलो तेव्हा मोती वर्षाचा होता. माझ्या मुलीच्या हातची पोळी खात तो मोठा झाला. इतक्या वर्षांत त्याचा त्रास असा कधी झाला नाही. या वर्षी गणपती गेले आणि पुढच्याच आठवड्यात तो रात्री भुंकायला लागला.

पामेरियनचा आवाज बारीक आणि टोकदार असतो, बंद खिडकीतूनही आत शिरतो. आधी एकदा भुंकायचा, मग तीन-चारदा, मग थोडा वेळ गप्प. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा. एकसारखा भुंकला असता तर कान कदाचित सरावले असते. ती मधली शांतता फार वाईट, कारण तेव्हा माणूस पुढच्या आवाजाची वाट बघत जागा राहतो. हे काही बोलायचे नाहीत. कुशीवर वळायचे, उशी डोक्यावर घ्यायचे. एकदा पहाटे चहाचा कप हातात धरून मिनिटभर नुसते बसून राहिले, तेव्हा मला भीती वाटली.

तिसऱ्या रात्री मी खिडकी उघडून ‘मोती, गप!’ म्हणून ओरडले. तो दुप्पट जोरानं भुंकला. वरच्या मजल्यावरच्या मुलानं एकदा त्याच्या अंगावर पाणी ओतलं. एका सकाळी गॅलरीत खडे पडलेले दिसले. मग कुणीतरी टाइप केलेली निनावी चिठ्ठी काकूंच्या दाराखालून सरकवली. कुत्र्याचा बंदोबस्त करा, नाहीतर आम्ही करू, अशा अर्थाची. ती चिठ्ठी जाणार हे मला आदल्या दिवशी जिन्यात कळलं होतं आणि मी गप्प बसले होते. याचं मला आजही वाईट वाटतं. बहात्तर वर्षांची, एकटी राहणारी बाई सकाळी दूध घ्यायला दार उघडते आणि पायाशी तो कागद. दोन दिवस काकू फुलं तोडायलासुद्धा बाहेर आल्या नाहीत.

लोक म्हणायचे, एवढा भुंकतोय, शेजार जागा होतोय, आणि बाई उठत नाही म्हणजे काय! हा प्रश्न मलाही पडायचा. पण काकूंना मी अकरा वर्षं ओळखते. मुलीच्या दहावीच्या परीक्षेत त्यांनी टीव्ही बंद ठेवला होता, आणि तसं करा असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

मी एक वही केली. नऊ रात्री वेळ लिहून ठेवली. त्यातल्या सात रात्री सुरुवात दीडच्या आसपास आणि शेवट सव्वादोनच्या आगेमागे. दोन रात्री मोती गप्प, आणि त्या दोन्ही रात्री जोराचा पाऊस होता. मी खिडकीच्या फटीतून बघायचे. त्याचं तोंड दर वेळी बोळीतल्या ड्रेनेजच्या चेंबरकडं असायचं. पाचव्या रात्री मला तिथून घूस बाहेर पडताना दिसली, चांगली मांजराएवढी. चेंबरचं झाकण कोपऱ्यात फुटलेलं होतं. आपल्याला जिथं शांतता वाटते तिथं कुत्र्याला खूप काही ऐकू येतं. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो, कुत्र्याचा त्याच्या दुपटीहून वरचा. उंदीर-घुशींचे बारीक आवाज त्याच पट्ट्यातले.

त्याच आठवड्यात सोसायटीची बैठक होती. दोन्ही इमारतींची सोसायटी एकच. विषय निघालाच, आणि आवारात कुत्रे पाळायला बंदी घालावी असा ठराव आणायची भाषा सुरू झाली. मी त्याआधी वाचून गेले होते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, अगदी बहुमतानंसुद्धा. त्याच सूचनांत असंही म्हटलंय की भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे, पण सतत भुंकण्यानं शेजाऱ्यांना त्रास होतो, तेव्हा मालकानं, विशेषतः रात्री, त्याला शांत ठेवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा. दोन्ही बाजू एकाच कागदावर. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियमही मी लिहून नेले होते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. एक जण म्हणाले, मग पोलिसांत तक्रार द्या की. मी म्हटलं, आधी कुणी काकूंशी बोललंय का? कुणीच बोललं नव्हतं. आठ घरं जागत होती, एक चिठ्ठी गेली होती, खडे पडले होते, पण दाराची बेल एकानंही वाजवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी गेले. रात्रीच्या जागरणाचा राग तोवर उतरलेला असतो, आणि काकूंचा चहा चारला होतो. घरी केलेल्या मेतकुटाची बरणी सोबत नेली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, “काकू, मोतीला बरं आहे ना? रात्री दीडच्या सुमाराला फार बेचैन होतो हल्ली.”

“मोती? छे गं. तो रात्रभर गप पडून असतो.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी थांबले. इतक्यात माझं लक्ष टीव्हीशेजारच्या फळीवरच्या छोट्या डबीकडं गेलं. कानाच्या मशीनची डबी. काकू मशीन लावतात हे मला माहीत होतं, पण झोपताना ते काढून ठेवतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग लावलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. पाऊण मिनिट त्या ऐकत राहिल्या. मग पदरानं तोंड पुसलं.

“हे रोज?”

“बहुतेक रोज.”

“आणि तुझा नवरा पहाटे गाडीवर जातो.” हे त्यांनी आपणहून म्हटलं. मग मोतीकडं बघत हळूच म्हणाल्या, “मग याला कुठं सोडून यायचं का गं?”

त्या प्रश्नानं माझ्या पोटात कालवलं. चिठ्ठीचा अर्थ त्यांनी तोच घेतला होता. मी म्हटलं, “नाही काकू, कुठंही नाही. मोती इथंच राहायचा. आपण त्याला आधी डॉक्टरला दाखवू.”

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर उभं केलं, डोळ्यांत बॅटरी मारली, मागच्या पायांचे सांधे दाबून पाहिले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. डॉक्टरांनी सांगितलं, अंधारात याला कमी दिसतं, कान मात्र शाबूत आहेत, त्यामुळं आवाज येतो आणि कशाचा ते कळत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांतल्या स्मृतिभ्रंशासारखं होतं, रात्र-दिवसाचं गणित चुकतं, हेही त्यांनी समजावलं. मधल्या दिवसांत शेजारच्या एकानं काकूंना सुचवलं होतं की घरातली एखादी दुखण्याची गोळी द्या, झोपेल. त्यावर डॉक्टर चांगलेच रागावले. आयब्युप्रोफेनसारखं औषध कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतं. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावंच. सांध्यांसाठी त्यांनी त्याचं वेगळं औषध लिहून दिलं.

मग मोतीचं अंथरूण गॅलरीतून आत, काकूंच्या कॉटला लागून आलं. गॅलरीचं दार रात्री बंद, खोलीत झिरोचा बल्ब. रात्रीची फेरी आठऐवजी साडेनवाला. ती फेरी माझी मुलगी मारते, कारण काकूंना अंधारात पायऱ्यांची भीती वाटते. चेंबरचं झाकण बदलायला मात्र सोसायटीला तीन आठवडे लागले.

काकूंना ऐकूच येत नाही, तर मोती भुंकतोय हे त्यांना कळणार कसं, हा प्रश्न राहिला होता. तो त्यांनीच सोडवला. मोबाइल थरथरणारा करून उशीखाली ठेवतात. “भुंकला की मला मिस्ड कॉल दे. कितीही वाजू देत. संकोच करायचा नाही,” असं त्यांनी मला बजावलं. पहिल्या आठवड्यात चार वेळा कॉल द्यावा लागला. दर वेळी समोर दिवा लागायचा, काकूंची सावली वाकलेली दिसायची, आणि दोन-तीन मिनिटांत मोती शांत. दुसऱ्या आठवड्यात दोनदा. दिवाळीत पुन्हा बिघडलं. फटाक्यांनी तो थरथर कापायचा, पलंगाखालून निघायचाच नाही. ते चार दिवस यांनी झोपायला माझ्या भावाकडं गोडोलीला जायचं ठरवलं. मोतीला त्याबद्दल कुणी बोल लावला नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलानं खाली येऊन आपल्या मित्रांना फटाके पलीकडच्या मैदानावर न्यायला सांगितलं. पाणी ओतणारा तो हाच.

चिठ्ठी कुणी लिहिली ते काकूंनी मला कधी विचारलं नाही. मी मात्र त्यांना सांगितलं की मला आधी कळलं होतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “बेल वाजवायची गं. मला दारावरची बेल ऐकू येते.”

तुमच्या शेजारी असा कुत्रा भुंकत असेल तर चिठ्ठी लिहू नका. दिवसा जाऊन बेल वाजवा.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एक मिस्ड कॉल दिला. दिवा लागला, मोती गप्प झाला. हे पावणेपाचला डेपोत होते.