भाताच्या देशातला नाच आणि माझे गुडघे

जपानचे नाव आपल्या भातपट्ट्यात शिरले ते लावणीमुळे. १९५३ साली देशभर जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम निघाली. तिचे सुरुवातीचे प्रयोग आपल्या अगदी शेजारी, बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले होते. गादीवाफ्यावर रोप, बियाणे कमी, दोरी धरून ओळीत आवणी, ओळींमधून कोळपणी आणि हिशेबाने खत, हा तिचा गाभा. मी दापोलीला शेतकी पदवीचे शिक्षण घेतले तेव्हा ती मोहीम इतिहासजमा झाली होती. पण वसईच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर ओळीतल्या आवणीला 'जपानी' म्हणणारी म्हातारी माणसे मला नोकरीत भेटली.

जपानी शेतकऱ्याची दोरी आपण घेतली. त्याचा ढोल मात्र तिकडेच राहिला. त्या देशात भात आणि नाच वेगळे काढता येत नाहीत. हिरोशिमा प्रांतात मिबू नावाच्या गावी जूनच्या सुरुवातीला सजवलेले बैल चिखलणी करतात, बायका रंगीत पोशाखात ओळीने रोपे लावतात आणि बांधावर ढोल-बासरी वाजत असते. २०११ साली युनेस्कोने या लावणीला जगाच्या वारशात स्थान दिले. आणि ऑगस्टमध्ये गावोगाव 'बोन ओदोरी' होते. मधोमध उंच माचा, माचावर ढोल, आणि भोवती सारे गाव रिंगण धरून संथ पावलांनी फिरते. त्या दिवसांत घरातली गेलेली माणसे परत घरी येतात अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. त्यांचे स्वागत करायचे, त्यांच्यासाठी नाचायचे आणि मग त्यांना निरोप द्यायचा. आपल्या पितृपक्षासारखेच, फक्त आपण पान वाढतो आणि ते शिवाय नाचतातही. अकिता प्रांतातल्या निशिमोनाई गावात काही नाचणारे काळ्या कापडाने तोंड झाकून घेतात, म्हणजे जिवंत कोण आणि गेलेले कोण, ओळखू येऊ नये. गिफू प्रांतातल्या गुजो गावी ऑगस्टच्या मधल्या चार रात्री पहाटेपर्यंत नाच चालतो आणि परका माणूसही रिंगणात शिरू शकतो. अशा ४१ लोकनृत्यांना २०२२ साली युनेस्कोने एकत्र मान्यता दिली.

रंगमंचावरचे अभिजात जपानी नृत्य, ज्याला 'निहोन बुयो' म्हणतात, ते वेगळे. ते गुरूसमोर उभे राहून, त्याचे पाहून पाहून वर्षानुवर्षे शिकावे लागते. पण त्याचीही बैठक पाहा: कंबर खाली, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल उचलायचे नाही, जमिनीलगत सरकवायचे. ज्याने चिखलात उभे राहून आवणी केली आहे त्याला ही बैठक नवीन वाटणार नाही. असा संबंध कुणा विद्वानाने जोडला आहे की नाही, यात मी पडत नाही. मला तो डोळ्यांना दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, खताच्या मात्रा सांगायच्या सोडून हे नाचाचे काय काढलेत? तर त्याला कारण माझ्या घरचे आहे.

माझी सौभाग्यवती २०२१ साली गेली. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. विरारच्या जागेत मी आणि दोन वेळच्या पोळ्यांना येणाऱ्या मावशी. दिवस बरा जाई. पीकपाहणी, बैठका, मोबाईलवर भरायच्या माहित्या. रात्र जात नसे. दोन वाजता उठून मी स्वयंपाकघरातला दिवा लावून बसत असे, आणि का बसलो ते मलाच सांगता येत नसे. पुढच्या वर्षी रक्तात साखर निघाली, रक्तदाब वाढला, गुडघे कुरकुरू लागले. डॉक्टर म्हणाले, चाला. मी चाललो. इमारतीभोवती एकट्याने फेऱ्या मारणे म्हणजे घाण्याच्या बैलाचे काम. बैलाला निदान तेल निघताना दिसते. महिन्यात सोडून दिले.

त्याच वर्षी कापणीनंतर तुंगारेश्वरच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर भाताच्या उत्पादनाची नोंद घ्यायला गेलो होतो. काम उरकायला संध्याकाळ झाली. नवा भात घरात आलेला होता, अंगणात तारपा वाजत होता. ज्यांना वारली वस्ती जवळून माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारपा म्हणजे वाळलेल्या लांब दुधी भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या आणि जिभल्या बसवून, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा गुंडाळून केलेले वाद्य. सांधे मेणाने बुजवतात. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो आणि गालांतली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तो मधोमध उभा राहतो. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेमागून हात गुंफून साखळी करतात, पुढचा घुंगरांची काठी आपटतो, आणि तारप्याचा सूर बदलला की पाऊल बदलते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत जो माणसांचा गोल वेटोळा तुम्ही कॅलेंडरवर पाहिला असेल, तोच हा. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. योगायोग असा की त्यांचा कुंचला जपानातही पोहोचला होता. तिथल्या निइगाता या भाताच्याच प्रांतात, तोकामाची गावी, मिथिला संग्रहालय आहे. आपले वारली चित्रकार तिथे राहून चित्रे काढून आले आहेत.

असो. त्या संध्याकाळी एका आजींनी माझा हात धरून मला साखळीत ओढले. नोकरीची इतकी वर्षे मी हा नाच खुर्चीवर बसून, हार गळ्यात घालून पाहिला होता. साखळीत शिरल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की इथे एकट्याला थांबता येत नाही. डावीकडच्याचा हात तुमच्या कमरेला, तुमचा उजवीकडच्याच्या. तुम्ही चुकलात तर शेजारी तुम्हाला उचलून पुढच्या पावलावर ठेवतो. मी सारखा खाली पाहत होतो. तारपेवाले बाबा वाजवणे आटोपल्यावर म्हणाले, "साहेब, पाय बघू नका, तारपा ऐका."

मग मी जाऊ लागलो. कामाने नव्हे, शिकायला, आणि सुट्टीच्या दिवशी. इथे मला स्पष्ट सांगितले पाहिजे की हा नाच त्यांचा आहे. तो शिकवणीचा वर्ग नव्हे. तारप्याचे दिवस कापणीचे, ते संपले की बाबा वाद्य आढ्याला बांधून ठेवतात आणि बाहेरच्या माणसाच्या हौसेसाठी काढत नाहीत. मला ते आवडले. मधल्या महिन्यांत आजींच्या अंगणात नुसत्या पावलांचा सराव चाले, तोंडाने ताल धरून. मुले हसत. एक पाऊल मला बसायला दोन हंगाम लागले.

गुण काय आला, ते जपून सांगतो, कारण आपल्याकडे कशालाही रामबाण म्हणायची सवय आहे. मधुमेहाची गोळी सुटलेली नाही, वाढलीही नाही. गुडघ्यांचे म्हणाल तर पहिल्या महिन्यात ते जास्तच दुखले, मग वाकवण्याची सवय झाली आणि आता बांधावरून उतरताना हात टेकावा लागत नाही. ज्यांचे गुडघे खरोखर झिजले आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नये. २००३ साली अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ४६९ माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. वाचन, पट मांडून खेळायचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश कमी आढळला, आणि शरीराच्या व्यायामांपैकी फक्त नृत्याचाच असा संबंध दिसला. नाचाने रोग टळतो असे यावरून म्हणता येत नाही. ज्यांचे डोके शाबूत तेच नाचत असतील, असेही असू शकते. प्रात्यक्षिक प्लॉटच्या आकड्यांबाबत मी शेतकऱ्यांना जे सांगतो तेच इथेही.

पण झोपेचे मला कुणी मोजून दाखवायला नको. नाचून आलेल्या रात्री मी सकाळपर्यंत झोपतो. आणि दुसरे, जे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी लिहायला संकोच वाटतो: माझ्या कमरेला मायेने कुणाचा हात लागून दीड वर्ष झाले होते. घरात एकटे राहणाऱ्या माणसाला ही उपासमार कळतसुद्धा नाही. बोन ओदोरीबद्दल मी पुढे वाचले, तेव्हा ते गेलेल्यांसाठी नाचतात हे वाक्य मला समजावून घ्यावे लागले नाही. मी पाड्यावर कुणासाठी नाचतो हे आजींना ठाऊक आहे. मी त्यांना सांगितलेले नाही.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे नव्वदीच्या घरातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या पाड्यावर आनंद झाला, पण बाबांची चिंता निराळी होती. भोपळा मिळत नाही. दुकानातल्या संकरित दुधीचे फळ बाजारासाठी आखूड आणि कोवळे तोडायचे. तारप्याला जुन्या जातीचा लांब मानेचा, वेलावर पुरा पिकून टणक झालेला लागतो. त्याचे बी एका घरी होते, ते गेली काही वर्षे शेजारच्या संकरित वेलांशी मिसळत गेले. आता हे माझ्या खात्यातले काम. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, नर आणि मादी फूल एकाच वेलावर पण वेगळे. दुपारीच दोन्ही कळ्यांना कागदी पिशवी बांधायची, संध्याकाळी नराचे पराग मादीवर टेकवायचे आणि पिशवी पुन्हा बांधून ठेवायची. फळ धरले की खुणेचा दोरा. बी शुद्ध राहते. आजींच्या नातीला हे एकदा दाखवले, आता ती माझ्यापेक्षा सफाईने करते.

गेल्या जूनमध्ये मांडवावर सहा वेल चढवले होते. धरलेल्या फळांपैकी दोन माकडांनी नेली, एक वाकडे निघाले. एक बाबांनी नखाने वाजवून पाहिले आणि चुलीवरच्या धुरात टांगले आहे. तुमच्यापैकी कुणाच्या परसात जुन्या लांब मानेच्या भोपळ्याचा वेल असेल, तर यंदा त्याची दोन फळे तोडू नका, बियांसाठी वेलावरच वाळू द्या.