चालणाऱ्या माणसाची बारा चित्रे



सुट्टीत नरोलीला आले की आपल्या शाळेची मुले आणि त्यांचे पालक मला तीन प्रश्न हमखास विचारतात. मुले विचारतात, "ताई, कार्टून तुम्ही काढता की कॉम्प्युटर काढतो?" आणि "तुम्ही दिवसभर करता तरी काय?" पालकांचा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, "यात पोट भरतं का?" रस्त्यात उभ्या उभ्या याची नीट उत्तरे देता येत नाहीत. संपादक मंडळाने वार्तापत्रासाठी लिहायला सांगितले, तेव्हा वाटले की हीच संधी साधावी.

मी आपल्या शाळेतून दहावी झाले. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एन.आय.डी.मध्ये, अ‍ॅनिमेशनचा चार वर्षांचा अभ्यासक्रम केला. ही संस्था १९६१ साली सुरू झाली. पालडी भागात, साबरमतीच्या काठाला तिचा परिसर आहे. प्रवेशासाठी दोन टप्प्यांची परीक्षा असते. दोन्हींत पाठांतराचा उपयोग शून्य. "रिकामी खुर्ची दाखवून घरातला माणूस कसा आहे ते सांगा," अशा धाटणीच्या प्रश्नांची मी तयारी केली होती.

पहिले वर्ष सर्व शाखांच्या मुलांना एकत्र असते. मला वाटले होते, गेल्या गेल्या मोठा कॉम्प्युटर मिळेल. हातात आल्या त्या पेन्सिली, कागदाचे गठ्ठे, माती आणि कात्री. सकाळी रेखाचित्रांचा तास, दुपारी कार्यशाळा आणि रात्री दुसऱ्या दिवशीचे काम. वसतिगृहात माझ्या शेजारी केरळची मुलगी, समोरच्या इमारतीत मणिपूरचा मित्र. जेवणाच्या ताटात रोज गोडसर डाळ. पहिले दोन महिने मी आईच्या वालाच्या बिरड्याची आठवण काढून डाळ गिळली, मग सवय झाली.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे लागतात. एका मिनिटाला ७२०. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर एकावर एक कागद ठेवून ती काढायची, मग क्रमाने त्यांचे फोटो घ्यायचे. पुढे कॉम्प्युटर येतो, आणि त्याने काम खूप सोपे होते. पण हात कधी उचलायचा, मान किती वळवायची, हे ठरवणारा माणूसच असतो.

मुलांनो, ही विद्या आपल्याला परकी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले. भांडवलाला पैसे नव्हते. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोप वाढत असताना दिवसांमागून दिवस थोडी थोडी चौकट टिपत राहिले. सगळी पट्टी सलग फिरवली तेव्हा मिनिटभरात अंकुर फुटून रोप उभे राहिले. 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. तो पाहून पैसे द्यायला माणसे तयार झाली आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे १९१५ मध्ये फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग निघाला तो १९५६ मध्ये. डिस्नेकडचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले होते. तुमच्या आई-बाबांनी दूरदर्शनवर पाहिलेला 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा चित्रपट विजया मुळे यांनी केला आणि त्यातली चित्रे हलवली भीमसैन यांनी.

आम्हालाही एक वस्तू हळूहळू बदलताना टिपायचे काम मिळाले. मी वालाचा दाणा घेतला. ओल्या कापसावर ठेवून दर तासाला एक फोटो. रात्री मैत्रीण आणि मी पाळी लावून उठायचो. पाचव्या दिवशी तो दाणा डोके वर काढताना आधी मान वाकवतो आणि मगच ताठ होतो, हे मी प्रथम पाहिले. जन्मभर वाल सोलले, पण ही वाकलेली मान ठाऊक नव्हती. चार वर्षांत मी जे शिकले त्याचे सार सांगायचे तर एवढेच सांगेन, की बघायला शिकले.

याचा खरा अर्थ मला दुसऱ्या वर्षी कळला. "तुमच्या ओळखीच्या एका माणसाची चाल काढा," असे काम होते. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले होते. माझे बाबा जवळच्या एका कारखान्यात मशीनवर होते. पाळी सुटायच्या वेळी मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि डबा खांद्याला लावून येणाऱ्या बाबांची दहा सेकंदांची चित्रफीत फोनवर घेतली. अहमदाबादला परत जाऊन ती एकेक चौकट पुढे सरकवत मोजली. साधारण माणसाची दोन्ही पावले सारखी पडतात, बारा चौकटींना एक. बाबांची तशी नव्हती. डाव्या पायावर त्यांचा भार चौदा चौकटी राहत होता आणि उजव्यावर दहाच. उजवा पाय टेकला की लगेच उचलला जात होता, आणि त्याच वेळी डबा असलेला खांदा किंचित खाली येत होता. डोळ्यांना हे दिसत नव्हते. मोजल्यावर दिसले.

मी बारा चित्रांत ती चाल काढली. ना चेहरा, ना कपडे. फक्त रेघांचा एक माणूस आणि त्याचा डबा. वर्गात सरांनी विचारले, हा कोण असेल? मणिपूरचा मित्र म्हणाला, "दिवसभर उभा राहून घरी चाललाय. गुडघा दुखतोय, पण कोणाला कळू द्यायचं नाही त्याला."

रात्री मी ती चित्रे घरी फोनवर पाठवली. आई बराच वेळ बघत होती. मग तिने बाबांना विचारले, "किती दिवस दुखतोय हा पाय?" बाबा म्हणाले, "काही नाही, दमलो असेन." आईने पुन्हा चित्र लावले आणि फोन त्यांच्या हातात दिला. बाबांनी ते तीन-चारदा पाहिले आणि म्हणाले, "मी असा चालतो?" त्यानंतर खरे काय ते बाहेर आले. आठ महिन्यांपासून दुखत होते. माझ्या फीचा हप्ता जवळ आला होता, म्हणून ते जादा पाळ्या करत होते आणि औषधाच्या दुकानातून मलम आणून रात्री गुपचूप लावत होते.

सिल्व्हासाच्या डॉक्टरांनी सांगितले, गुडघ्याची झीज आहे, बारा-बारा तास उभे राहणे थांबवा. बाबांनी बदली मागितली आणि त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचे काम मिळाले. जादा पाळीचे पैसे बंद झाले. आम्ही बँकेतून शैक्षणिक कर्ज काढले. ते मला फेडायचे आहे, आणि त्याचे ओझे वाटत नाही. त्या वर्षी मला किती गुण मिळाले ते आता आठवत नाही. बाबा आता जिना चढताना कठड्याला धरतात आणि ते लपवत नाहीत.

शेवटच्या वर्षाआधीचा आमचा गटाचा चित्रपट नरोलीतच झाला. दोन मित्र-मैत्रिणी आमच्या घरी आठ दिवस राहिले. आईने त्यांना नागलीची भाकरी खायला शिकवले. आम्हाला तारपा नाचावर काम करायचे होते. वारली चित्रे आज साड्यांवर, कपांवर, भिंतींवर सगळीकडे दिसतात. दोन त्रिकोण जोडले की झाला माणूस, असे लोकांना वाटते. आमच्या बाईंनी निघताना एकच सांगितले होते, "चित्र ज्यांचं आहे त्यांच्याकडे आधी जा." नीना सबनानी यांनी कच्छच्या भरतकाम करणाऱ्या बायांबरोबर 'टांको बोले छे' हा चित्रपट २००९ मध्ये असाच केला, त्यांचीच गोष्ट आणि त्यांचेच टाके घेऊन.

आमच्या घरामागच्या पाड्यावर एक वारली मावशी राहतात. लग्नघरी भिंतीवर चौक काढायला त्यांना बोलावतात. त्या तयार झाल्या, पण अटी घालून. माणसे त्या स्वतः काढतील. चित्रपटात त्यांचे नाव येईल. आणि चौक काढणार नाहीत, कारण तो लग्नाचा, देवीचा आहे, खेळायचा नाही. नाचणारे तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत, हेही त्यांनीच आधी सांगितले. गेरू लावलेल्या कागदावर त्यांनी तांदळाच्या पिठाने माणसे काढली. आम्ही ती कापून कॅमेऱ्याखाली केसभर हलवत गेलो. दोन मिनिटांसाठी १४४० वेळा बटण दाबले. पहिला खेळ त्यांच्याच ओटीवर चादर बांधून झाला. नावे आली तेव्हा त्यांच्या नातवाने त्यांचे नाव मोठ्याने वाचले. मावशींनी ते त्याला पुन्हा वाचायला लावले.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असेल. अशी चित्रे काढणारे हात आपल्या घरामागेही आहेत.

राहिला पोटाचा प्रश्न. पालकांना खोटे चित्र दाखवणार नाही. काम मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे मिळते. सुरुवातीचा पगार फार नसतो, रात्री जागाव्या लागतात. परदेशी कामावर चालणाऱ्या कंपन्या अचानक बंदही पडतात. २०२५ च्या फेब्रुवारीत अशी एक मोठी कंपनी बंद झाली आणि आपल्या देशातली हजारो मुले एका झटक्यात बेकार झाली. आता तर संगणकाला सांगितले की तो मिनिटात चित्र काढून देतो. त्यामुळे केवळ एखादे सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या क्लासला मोठी फी भरण्याआधी दहादा विचार करा. सॉफ्टवेअर दोन वर्षांत जुने होते. मात्र ज्याला माणूस कसा चालतो, कसा थांबतो, काय लपवतो हे दिसते, त्याला चित्रपटात, पाठ्यपुस्तकात, वैद्यकीय शिक्षणात, जाहिरातीत, कुठे ना कुठे काम मिळतेच. मला सध्या मुलांच्या पुस्तकांचे आणि लहान शैक्षणिक चित्रफितींचे काम आहे. कर्जाचा हप्ता त्यातून जातो.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. मे महिन्यात चार दिवस मी शाळेत यायला तयार आहे. सातवी ते नववीची वीस मुले पुरेत. खर्च जवळपास काही नाही. एक जुना फोन, तो घट्ट बसवायला लाकडी घोडा, एक काच आणि खाली दिवा. कागद पाठकोरे चालतील. पाड्यावरच्या मावशींना मी विचारले आहे, एक दिवस त्याही येतील. त्यांचे मानधन मात्र द्यायला हवे.

मुलांनो, येताना जुन्या वहीचे कोपरे वाया घालवू नका, त्यांत चित्रे काढून भराभर उलटून पाहा. आणि घरातल्या एका माणसाची चाल नीट पाहून या. आजी, बाबा, दूधवाले काका, कोणीही चालेल. ती कशी आहे हे पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारणार आहे.