यादवीनंतरचं वऱ्हाड

अकोल्याहून महामार्गानं पश्चिमेला निघालं की तासाभराच्या आत बाळापूर येतं. नोव्हेंबरची अखेर होती. दोन्ही बाजूंच्या वावरांत पऱ्हाटी फुटलेली आणि मधल्या तासांत तूर फुलोऱ्यावर आलेली. वऱ्हाडाचा धनी जिथं जिथं बदलला ती ठिकाणं क्रमानं पाहायची, असं ठरवून मी निघालो होतो. सुरुवात बाळापुरापासून करायची, कारण आपल्या भागातली अठराव्या शतकातली पहिली मोठी यादवी याच परिसरात लढली गेली.

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूरचा विटांचा किल्ला आहे. तो बांधून पूर्ण झाला १७५७ मध्ये. लढाई त्याआधीची, ऑगस्ट १७२० ची. औरंगजेबानंतर दिल्लीचं तख्त सय्यद बंधूंच्या हाती गेलं होतं. त्यांचा पुतण्या आलम अली खान दख्खनचा कारभार पाहत होता. माळव्यातून उतरलेल्या निजाम-उल-मुल्कानं त्याला बाळापूरजवळ गाठलं. दोन्हीकडचे सेनापती मोगलच होते. आलम अली मारला गेला. चार वर्षांनी, ऑक्टोबर १७२४ मध्ये, आताच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामानं बादशाहाच्या बाजूनं लढणाऱ्या मुबारिझ खानाचा पराभव केला आणि दख्खन दिल्लीपासून जवळजवळ सुटलं. साखरखेर्ड्याचं नाव बदलून फतेहखेर्डा ठेवण्यात आलं.

या यादवीतून वऱ्हाडाच्या वाट्याला आली ती दुअमली. मुलूख नावानं निजामाचा, पण चौथाई आणि सरदेशमुखीच्या हक्कानं नागपूरकर भोसल्यांची माणसंही वसुलीला येऊ लागली. एकाच गावच्या उत्पन्नावर दोन सरकारांचा हात. गावचा पाटील, परगण्याचे देशमुख आणि देशपांडे दोघांचेही हिशेब सांभाळत. पीक बुडालं तर सूट कोणाकडे मागायची, याचं उत्तर रयतेला सहजी मिळत नसे. किल्ल्याच्या तटावरून खाली पाहताना मला या लोकांचाच विचार अधिक आला. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाच्या नावानं ओळखली जाणारी सुंदर छत्री उभी आहे. राजांच्या खुणा अशा राहतात. सारा भरणाऱ्यांच्या खुणा मात्र वसुलीच्या कागदांतच शोधाव्या लागतात.

बाळापूरहून तेल्हाऱ्याच्या बाजूनं वर सरकलो. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ जवळ येत गेली आणि अडगाव आलं. इथं २९ नोव्हेंबर १८०३ ची लढाई झाली. तिची मुळं दूर पुण्यात होती. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. मराठ्यांनीच मराठ्यांना हरवलं. दुसरे बाजीराव वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला. तैनाती फौज स्वीकारली, म्हणजे स्वतःच्या संरक्षणाची किल्ली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिली. पुढच्या वर्षी शिंदे आणि भोसले इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा होळकर बाजूलाच राहिले. सप्टेंबरात असईच्या लढाईत शिंदे-भोसले हरले. नंतर आर्थर वेलस्ली या मैदानात आला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच.

सिरसोली आणि अडगाव यांच्या मधला हा प्रदेश तळहातासारखा सपाट आहे. भोसल्यांच्या तोफा धडाडल्या तेव्हा वेलस्लीच्या काही पलटणींत पळापळ झाली. त्यानं स्वतः पुढे होऊन त्या पुन्हा उभ्या केल्या. संध्याकाळपर्यंत लढाईचा निकाल लागला आणि ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. पाठलाग चांदण्यात चालला. मी पोचलो तेव्हा कापूस वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर जेवायला बसल्या होत्या. वावराच्या मालकाशी लढाईचा विषय काढला. तो म्हणाला, “लढले राजे, अन् तुडवलं गेलं वावर आमचं, जी.” त्याच हंगामात, १८०३-०४ मध्ये, वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला. फौजांनी चारा आणि धान्य फस्त केल्यावर गावांत काय उरलं असेल, हे त्याच्या एका वाक्यात आलं.

अकोट ओलांडलं की रस्ता अंजनगाव सुर्जीला जातो. पानमळ्यांचं आणि पानपिंपळीचं हे गाव. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांच्या वतीनं इथं तहावर सही झाली आणि त्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली, आग्रा यांच्यावरचा ताबा सोडला. वऱ्हाडातल्या एका बाजारगावात दिल्लीचं भवितव्य ठरलं. त्याआधी १७ डिसेंबरला देवगावच्या तहानं रघूजी भोसल्यांनी ओरिसातला कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला होता. कटक कंपनीनं घेतलं, वऱ्हाड निजामाला दिलं. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले, तेही १८१८ नंतर गेले.

गाविलगड पाहिल्याशिवाय हा प्रवास पुरा होत नाही. परतवाड्याहून घाट चढत चिखलदऱ्याला पोचलो आणि सकाळी गडाकडे निघालो. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानानं बांधलेला हा गड मेळघाटच्या जंगलात पसरला आहे. दरवाज्यांवर कोरलेली शार्दूल आणि गंडभेरुंडाची शिल्पं अजून ठसठशीत आहेत. आत तलाव, मशीद, पडक्या भिंती, गवतात लोळणाऱ्या तोफा. वेलस्लीचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याच्या सैनिकांनी डोंगरातून अवजड तोफा ओढत उत्तरेकडे लबाडा गावाच्या बाजूला नेल्या आणि तिथून तट फोडला. १५ डिसेंबर १८०३ ला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. तटाच्या फुटक्या बाजूला उभं राहिलं की लक्षात येतं, एवढा दुर्गम गड केवळ तोफांनी पडला नाही. हडपसरला जिथं आपलीच माणसं एकमेकांवर धावून गेली, तिथंच तो अर्धा पडला होता.

परतवाडा हे गावच मुळात छावणीतून वाढलं. अचलपूरशेजारी निजामाच्या खर्चानं पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या फौजेचा इथं तळ होता. तिलाच पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणत. तिचा पगार थकला, कंपनीचं कर्ज वाढलं आणि त्या कर्जापोटी २१ मे १८५३ ला निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. १८०३ ते १८५३ या मधल्या अर्धशतकात इजारदार आणि सावकार यांनी वसुलीचे मक्ते घेतले होते आणि मक्त्याची रक्कम रयतेच्या अंगावरून वसूल झाली होती. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांकडे गेलं. या प्रत्येक कागदावर लाखो माणसांचा प्रांत गहाणवटीच्या जमिनीगत लिहिला गेला. त्या माणसांना कोणी काही विचारलं नाही.

तरीही बदल झाला, आणि तो खालून झाला. १८६० च्या दशकात रयतवारी पद्धतीनं जमिनीची मोजणी झाली; कसणाऱ्याच्या नावानं नोंद होऊ लागली. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि वऱ्हाडी कापसाचा भाव एकदम चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. पैसा आला, त्याबरोबर सावकारही आला, आणि नोंद झालेली जमीन गहाण पडू लागली. एका परक्या यादवीनं वऱ्हाडाचा शेतकरी जगाच्या बाजारभावाला जोडला गेला. आजही अकोटच्या बाजार समितीत तो त्याच भावाची वाट पाहतो.

अमरावतीत शिरताना जुन्या शहराचा परकोट दिसतो. पेंढाऱ्यांपासून श्रीमंत व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून निजामाच्या सरकारनं तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला. जवाहर गेटमधून आजही रिक्षा, हातगाड्या, साड्यांची गाठोडी जात-येत असतात. पटेल खिडकी, छत्रपुरी खिडकी ही नावं रोजच्या बोलण्यात आहेत. १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन या शहरात भरलं, सी. शंकरन नायर अध्यक्ष आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते.

पण मला जास्त पाहायचं होतं ते अंबादेवीचं मंदिर. ज्या तटानं धनिकांना लुटारूंपासून वाचवलं, त्याच शहरात गावकुसाबाहेरच्यांना देवळाची पायरी बंद होती. १३ नोव्हेंबर १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर आठ महिन्यांनी, इथल्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. पंजाबराव देशमुख या चळवळीत होते. १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. कुणब्याच्या, माळ्याच्या, तेल्याच्या घरातली पहिली पदवी अनेकदा तिथंच मिळाली. गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. अंजनगाव तालुक्यातलं शेंडगाव हे त्यांचं जन्मगाव. जिथं तहानं दिल्ली सुटली, त्या परिसरातून पुढे खराटा घेतलेला माणूस निघाला आणि त्यानं शाळा, धर्मशाळा उभ्या केल्या. अमरावतीतल्या त्यांच्या समाधीवर दिवसभर माणसांची ये-जा असते.

परतीला पुन्हा अकोल्यात आलो. ८ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्य आठवड्यावर आलं असताना, या शहरात अकोला करार झाला. ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख, शंकरराव देव अशा नेत्यांनी ठरवलं, की संयुक्त महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, त्यांना स्वतंत्र विधिमंडळं असावीत. तसं जमलं नाही, तर महाविदर्भाच्या स्वतंत्र प्रांताचा प्रयत्न व्हावा. देवगाव, अंजनगाव, हैदराबाद इथल्या तहांनंतर वऱ्हाडाच्या भवितव्याच्या कागदावर वऱ्हाडी माणसाची सही पहिल्यांदा इथं पडली. म्हणून अडगाव आणि गाविलगडाइतकंच मोल मी या कराराला देतो.

ते उपप्रांत झाले नाहीत. १९५३ मध्ये नागपूर करार आला, १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, १९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. समन्यायी निधीचं आश्वासन राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये नोंदलं गेलं. सिंचनाचा अनुशेष, कापसाचा भाव, खारपाणपट्ट्यातलं पिण्याचं पाणी यांवर अकोल्यात आजही सभा होतात, मोर्चे निघतात. या भागातला शेतकरी आता कर्जमाफीचा अर्ज, पीकविम्याची पावती आणि मतदार ओळखपत्र घेऊन सरकारकडे जातो, आणि सरकार त्याचंच असल्यामुळे त्याला जाब विचारतो.