वसमतचे आगार

ज्या घरात चार पिढ्या पंचांग, खडू आणि वकिलीची सनद यांखेरीज दुसरे साधन कोणी हाती धरले नाही, त्या घरातील मुलाने मोटारीचे चक्र हाती घेतले तर काय होते, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस अनायासे प्राप्त झाला आहे. आमच्या पुतण्याचा मुलगा पदवीधर झाला, दोन वर्षे परीक्षांचे अर्ज भरीत बसला, आणि एके दिवशी पंगतीत त्याने सांगितले की, आपण एस. टी. महामंडळात चालक होणार. ताकाचे भांडे फिरत होते ते जागीच थांबले. सूनबाई, म्हणजे त्याची आई, काहीच बोलल्या नाहीत. बोललो ते आम्ही. 'हेच करायचे होते, तर शिकलास कशाला?' असे आम्ही सर्वांदेखत म्हणालो. तो खाली मान घालून जेवला आणि उठून गेला.

पुढे त्याने कायद्याच्या पायऱ्या एकेक करून चढल्या. हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन वर्ष लोटल्यावाचून जड वाहनाचे शिकाऊपण मिळत नाही. ते मिळाल्यावर त्याने मालमोटारी चालविल्या. 2019 साली महामंडळाने चालक-तथा-वाहकांची मोठी भरती काढली तीत त्याची निवड झाली. पण 2020 च्या महासाथीत साऱ्यांचेच प्रशिक्षण थांबले, त्यात त्याचेही. अखेर तो वसमतच्या आगारात रुजू झाला. महिना होऊन गेल्यावर सूनबाई आम्हांस म्हणाल्या, "मामंजी, एकदा जाऊन या. त्याला रात्रीची गाडी असते का, तेवढे विचारून या." मुलगा आईस काही सांगत नव्हता, आणि ती आमच्यावाचून कोणास विचारू शकत नव्हती.

परभणीहून वसमतला आम्ही एस. टी.नेच गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस 2022 च्या ऑगस्टपासून भाडे पडत नाही. वाहकाने आमचे आधारपत्र पाहून शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले. पुढील बाकावरच्या दोघी बाया अर्ध्या तिकिटाच्या होत्या. झिरो फाटा मागे पडला की रान काळेभोर होऊ लागते. येलदरी आणि सिद्धेश्वर या पूर्णेवरील धरणांच्या पाण्याने या भागात ऊस व केळी आणली. परंतु वसमतचे खरे नाव झाले आहे ते हळदीमुळे. 2024 साली वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्ही गेलो ते दिवस फाल्गुनाचे, हळद शिजवून वाळत घालण्याचे. गावात शिरण्यापूर्वीच तो दर्प नाकाशी आला. बाजारातून परतणाऱ्या शेतकऱ्यांची धोतरे गुडघ्यापर्यंत पिवळी, आणि गाडीच्या पायऱ्याही पिवळ्या.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. पुण्याहून अहमदनगरास पहिली एस. टी. धावली ती 1 जून 1948 रोजी, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्या दिवशी वसमत निजामाच्या राज्यात होते, आणि ते राज्य संपण्यास अजून साडेतीन महिने होते. परंतु सरकारी मोटारसेवा निजामाच्या मुलुखात त्याच्या सोळा वर्षे आधीच सुरू झाली होती. निजामाच्या रेल्वेने 15 जून 1932 रोजी 27 गाड्या आणि 166 नोकर घेऊन मोटारखाते उघडले. म्हणजे सरकारी मोटार चालविणे या धंद्यात हैदराबाद संस्थान मुंबई इलाख्याचे वडील ठरते. पुण्याच्या मंडळींस हे रुचणार नाही, पण तारखा तारखाच आहेत.

मुलगा आम्हांस आगाराच्या फाटकाशी भेटला. खाकी गणवेश, छातीवर बिल्ला. "आबा, तुम्ही कशाला त्रास घेतला?" एवढेच म्हणून त्याने आमची पिशवी घेतली. त्याने दोघा सहकाऱ्यांसह भाड्याने घेतलेल्या खोलीत आम्ही ती रात्र काढली. पहाटे चार वाजता तिघेही उठून एकमेकांस जाग येऊ नये म्हणून अंधारातच कपडे चढवीत होते.

सकाळची त्याची फेरी औंढा नागनाथाची होती. आम्ही आगारात उभे राहून पाहत होतो. आमची समजूत अशी की, किल्ली फिरविली की गाडी निघते. तसे नव्हते. त्याने टायर हाताने ठोकून पाहिले, पाणी व तेल पाहिले, दिवे लावून मागे जाऊन पाहिले; मग यंत्र सुरू करून नुसता बसून राहिला. ही गाडी हवेच्या दाबाने थांबते. टाकीत तो दाब भरेपर्यंत तिला हलविणे म्हणजे लगामावाचून घोडा सोडणे. काटा जागेवर आला तेव्हाच त्याने गाडी फलाटास लावली.

आम्ही त्याच्या डाव्या हाताच्या बाकावर बसलो. मागे साठेक माणसे, त्यांतील वीस उभी. गावाबाहेरच्या पहिल्या वळणावर तो इतका पुढे गेला की गाडी शेतात जाते असे वाटून आम्ही दांडी घट्ट धरली. त्याच्या ते ध्यानात आले. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "पुढचं चाक माझ्या पायाखाली आहे, आबा, पण मागचं पाच-सहा मीटर मागं आहे. मी आता वळलो तर ते कोपऱ्यावरच्या माणसावर जाईल. उशिरा वळायचं, हेच शिकायला सगळ्यांत वेळ लागतो."

उसाची दुहेरी ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर पुढे लागला. मागून एक मोटार सारखा भोंगा वाजवीत होती. गाडीतलेही एक-दोघे 'काढा पुढे' म्हणून ओरडू लागले. औंढ्याला आठाच्या कचेरीत पोहोचणारे ते होते, त्यांचेही खरे. मुलाच्या मानेवर घाम आलेला आम्हांस दिसला. पण शिरड शहापूर येईपर्यंत त्याने ट्रॅक्टर ओलांडला नाही. रस्ता रुंद झाल्यावर सावकाश पुढे काढला. कोणी त्याची तारीफ केली नाही. उशीर झाल्याबद्दल मात्र उतरताना एकाने चार शब्द सुनावले.

औंढ्याच्या स्थानकावर गाडी मागे घ्यावयाची होती. वाहकाने खाली उतरून शिटी धरली. नामदेवांच्या कीर्तनासाठी येथील देऊळच फिरले व नंदी पाठीशी राहिला, असे भाविक सांगतात. आमच्या मुलास मात्र गाडी स्वतःच फिरवावी लागली, आणि ती तीन खेपांत नीट बसली. मग त्याने खिशातून वही काढून किलोमीटर मांडले. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती चालली यावरही चालकाचा हिशेब पाहिला जातो, असे तो म्हणाला.

चहाच्या टपरीवर आम्ही सूनबाईंचा प्रश्न काढला. तो थोडा वेळ गप्प राहिला. "मुक्कामी गाडी असते, आबा. आठवड्यातून दोनदा. संध्याकाळी खेड्यात न्यायची, तिथंच झोपायचं, पहाटे दूधवाले आणि कॉलेजची पोरं घेऊन यायचं. आईला सांगू नका." आम्ही विचारले, भय वाटते का. "रस्त्याचं वाटतं. दिवे नसलेल्या ट्रॉल्यांचं वाटतं. पण त्या गावाला दुसरी गाडीच नाही."

हे काम सुखाचे आहे असे म्हणणे लबाडीचे होईल. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला या कामगारांचा संप 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. माणसे काही हौसेने पाच महिने पगारावाचून राहत नाहीत. तरी या वाटेने येणारे थांबले नाहीत. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याची एक मुलगी 2023 च्या जूनमध्ये सासवड-नीरा गाडी चालवू लागली, हे वर्तमानपत्रांतून वाचकांनी वाचले असेल. तिच्याही घरी पंगतीत कोणी काही म्हटले असेल काय, हा विचार आमच्या मनात आला.

निघताना त्यास काही सांगावे असे होते. "त्या दिवशी आम्ही बोललो ते..." इतके म्हणालो तोच वाहकाने डबल घंटी दिली. तो म्हणाला, "आबा, दर्शन घेऊन दहाच्या गाडीनं जा. उजव्या बाजूला बसा, ऊन लागणार नाही." आणि गाडी निघाली.

घरी आलो तेव्हा सूनबाई दारातच उभ्या होत्या. "असते का रात्रीची?" त्यांनी विचारले. आम्ही 'असते' म्हणून सांगितले, आणि ट्रॅक्टरची हकिगतही सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगावयास लावली. मग औंढ्याचे ते शून्य रुपयांचे तिकीट आमच्याकडून मागून घेतले आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले.