रान वापशावर नव्हतं

माझं बालपण जालन्यात गेलं, हे वाक्य मी त्या दोन दिवसांत दहादा तरी ऐकवलं असेल. बायकोला, नऊ वर्षांच्या मुलीला, एकदा तर पेट्रोल भरणाऱ्या पोराला. पुण्यात वीस वर्षं काढलेला माणूस गावाकडे निघाला की त्याला असं होतं.

बेत साधा होता. ऑक्टोबरच्या सुट्टीत जालन्याला आत्याकडे जायचं, तिथून सिंदखेडराजा, मग लोणार आणि रात्री शेतात तंबू. लोणारच्या काठावरच तंबू ठोकायचं माझं स्वप्न होतं, पण ते अभयारण्य आहे हे बायकोने निघण्याआधी दाखवून दिलं. मग मामांच्या म्हणजे आत्याच्या यजमानांच्या ओळखीने लोणारजवळचं एक शेत ठरलं.

जालन्याचा एक दिवस तयारीसाठी राखला होता. तंबू एकदा उभा करून बघायचा, शेगडी पेटवून बघायची, स्टेपनी तपासायची. मी सकाळी सहाला मुलीला उठवून मोती तलावावर घेऊन गेलो. पाण्यावर ऊन उतरत होतं. "हा तलाव निजामाने बांधला," मी म्हणालो. शेजारून कानटोपी घातलेले एक आजोबा चालले होते, ते थबकले. "निजामाच्या कितीतरी आधीचा आहे, साहेब. जमशेदखानाने बांधला. इथून जमिनीखालून नळ घालून गावातल्या हौदांत पाणी नेलेलं होतं." मुलीने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय मस्तगडावर नेला. तो १७२५ सालचा, तेवढं माझं बरोबर होतं. गडात दालनं आणि सज्जे असलेली मोठी विहीर आहे हेही. दगडावरचा लेख फारसीत असल्यामुळे पुढची चूक टळली.

तंबू आमच्याबरोबर होताच. मोतीबागेतल्या हिरवळीवर पिशवी उघडली तोच राखणदार आला. "इथं नाही चालत. पोरं पळतेत, दोऱ्यात अडकून पडतील." बरोबरच बोलला. पण कुबट वास नाकात गेला होता, म्हणून घरी येऊन तंबूचं वरचं पिवळं आवरण, पाऊस अडवतं ते, आत्याच्या गच्चीवर तारेला वाळत घातलं. उभारणी राहिलीच. दुपार गेली कुंडलिकेच्या अलीकडचा जुना जालना आणि पलीकडचा नवा जालना फिरवण्यात, मी ज्या शाळेच्या भिंतीवरून उड्या मारल्या ती भिंत दाखवण्यात आणि मोसंबी घेण्यात. मोसंबी मात्र चांगली निघाली.

रात्री जेवताना मामांनी विचारलं, "ते रान काळं हाय का मुरमाड?"

"एका रात्रीचा तर प्रश्न आहे, मामा."

"परवाच पाऊस झालाय. रान वापशावर नसंल, म्हंजी जादा ओल ओसरली नसंल, तर गाडी आत घालू नको. रस्त्यावर लाव अन् चालत जा."

मी हसलो. काळी माती मला माहीत नाही होय? मी इथेच वाढलो.

सकाळी समृद्धीवर चढलो. मुलीला जिजाऊंची, लखुजी जाधवांची गोष्ट इतकी रंगवून सांगत होतो की सिंदखेडराजाचा फाटाच मागे टाकला. त्या महामार्गावर मधे वळता येत नाही. पुढे उतरून, उलटं येऊन जन्मस्थान बघितलं. लोणारला पोचलो तेव्हा सूर्य पलीकडच्या कड्याला टेकला होता. जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते विवर आम्ही काठावरूनच, अंधारात बुडताना बघितलं. खाली उतरायला वेळ नव्हता.

शेतात सोयाबीन काढून झालेलं. वरून जमीन कोरडी दिसली. गाडी थेट आत घातली. तंबू उभारायला दीड तास लागला, मोबाइलच्या उजेडात. शेगडी पेटली नाही. आत्याने बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा खाल्ला. खुंट्या बोटांनी दाबल्या तरी आत जात होत्या, तेव्हा खरं तर कळायला हवं होतं. जी खुंटी बोटाने आत जाते ती बोटाने बाहेरही येते. मला वाटलं, बरं झालं, हातोडी लागली नाही.

अकराच्या सुमारास परतीचा पाऊस आला. मी पिशवीत हात घातला आणि पिवळं आवरण शोधू लागलो. पिशवी उलटी केली. बायको काहीच बोलली नाही. दोऱ्या एकेक करून सुटल्या, तंबू आमच्या अंगावर बसला आणि आम्ही गाडीकडे पळालो. पळालो म्हणजे काय, पावलागणिक चपलेला मातीचा एकेक थर चढत गेला, चौथ्या-पाचव्या पावलाला चप्पल वीटभर जड झाली आणि मुलीची एक रानातच राहिली. गाडी सुरू करून बाहेर काढायला गेलो तर चाकं जागच्या जागी फिरून आणखी रुतली.

सकाळी शेतमालक ट्रॅक्टर घेऊन आले. गाडीला दोर बांधता बांधता म्हणाले, "जालन्याचे ना तुम्ही?" मी मान हलवली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच ते वाक्य माझ्या तोंडून आलं नाही.

एवढ्यात आत्याचा फोन. "अरे, तुझं ते पिवळं प्लास्टिक गच्चीवरच राहिलं की. रात्री भुरभुर सुरू झाली तशी पळत जाऊन काढलं मी. काळजी करू नको, थेंबभर भिजलं नाही."