दोनदा दिलेलं दान

आषाढ लागला की कोयनानगरात पाऊस मुक्कामालाच येतो. समोरचा डोंगर दिवसचे दिवस दिसत नाही आणि उशाखालची चादरही ओलसर लागते. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कडेकडेनं दक्षिणेला येते. हेळवाकला पूर्वेकडे वळण्याआधीच तिला धरणानं थोपवलं आहे. धरण 1964 मध्ये पुरं झालं. पाणी साठलं, शिवसागर जलाशय भरला आणि खोऱ्यातली कितीतरी गावं, त्यांची भातखाचरं, देवळं, पाणवठे त्याच्या तळाशी गेले.

अडवलेलं हे पाणी डोंगराच्या पोटातून कोकणाकडे उतरतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज होऊन निघतं. पहिल्या टप्प्याची वीज 1962 मध्ये सुरू झाली. आज साऱ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॉट आहे. मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांत ती पोचली, चाळींत पोचली, लोकलच्या फलाटांवर पोचली. त्याच वाटेनं खोऱ्यातली माणसंही गेली.

या खोऱ्याच्या, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातला तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची गाडी धरत आला. नाचणी-वरीच्या उतारावर वर्षाचं पोट भरत नव्हतं. मस्जिद बंदराच्या गोदामांत पाठीवर पोती वाहणारे हात इथलेच होते. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटीलही याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. 1969 चा माथाडी कायदा या कष्टकऱ्यांच्या लढ्यातून आला. मुंबईतल्या एकेका खोलीत गावची वीस-वीस माणसं पाळीपाळीनं झोपत आणि पोस्टमन मनीऑर्डर घेऊन डोंगर चढे. आमच्या भावकीतही असं घर सापडणार नाही, ज्याचा एक पाय मुंबईत नाही.

जगाच्या लोकसंख्येचे तक्ते पाहताना मला हीच माणसं दिसतात. 1950 मध्ये जगातली दहापैकी तीन माणसं शहरात राहत. 2007 च्या सुमारास हा आकडा निम्म्यावर गेला. लॅटिन अमेरिकेत 1950 मध्ये शंभरात चाळीसच्या आसपास शहरवासी होते, आता ऐंशीच्या वर आहेत. युरोप निम्म्यावरून तीन चतुर्थांशाकडे सरकला. आशियात हे प्रमाण 17-18 टक्के होतं, ते निम्म्यापर्यंत पोचलं. सर्वांत मागून निघालेली आफ्रिका 14 टक्क्यांवरून चाळिशी ओलांडून गेली. आपला देश 1951 मध्ये 17 टक्क्यांवर होता, 2011 मध्ये 31 वर आला. महाराष्ट्र तेव्हा 45 वर होता आणि सातारा जिल्हा मात्र 19 वरच.

या 19 कडे पाहून कुणी म्हणेल, सातारा मागे राहिला. मी म्हणेन, साताऱ्यानं आपली माणसं मुंबईच्या खात्यात जमा केली. पाटणचा माथाडी शिरगणतीत मुंबईकर म्हणून मोजला जातो. चैत्रातल्या यात्रेला तो पालखीला खांदा द्यायला गावी येतो, तेव्हा कुणी त्याला मोजत नाही.

शहरांसाठी खोरं रिकामं होणं एकट्या कोयनेच्या वाट्याला आलेलं नाही. घानामध्ये व्होल्टा नदीवर अकोसोंबोचं धरण 1965 मध्ये उभं राहिलं, तेव्हा सुमारे 80 हजार माणसं उठली. नाईलवर अस्वानचं धरण बांधलं गेलं आणि नूबियातल्या लोकांची गावं पाण्याखाली गेली. शहरांचा आलेख जिथे जिथे चढतो, तिथे तिथे त्याच्या पायथ्याशी असं एखादं खोरं असतं.

कोयनेच्या खोऱ्यानं शहरांना वीज दिली आणि माणसंही दिली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथली जमीन हादरली, पावणेदोनशेहून अधिक जीव गेले. तरी ते दान थांबलं नाही.

शहरं वाढणं मला पाप वाटत नाही. माणूस भाकरीमागे जाणारच, आणि शहरानं आमच्या कितीतरी घरांना ताठ उभं केलं. पण ज्या खोऱ्यांमुळे ती वाढली, त्यांचं ऋण शहरांनी मानलं पाहिजे. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या हक्काची जमीन अजून जिथे मिळायची राहिली असेल, तिथे ती मिळायला हवी. खोऱ्यात चांगला दवाखाना हवा, शाळेत पुरेसे शिक्षक हवेत, हाताला काम हवं, म्हणजे गाव सोडणाऱ्याला सोडण्याची सक्ती राहणार नाही. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकानं ही मागणी आपली मानावी.