किकचा गिअर

ताम्हिणी घाटात पाऊस आडवा लागला म्हणून टपरीच्या ताडपत्रीखाली शिरलो, तर तिथे आधीच दोन गाड्या उभ्या. एक उंच, पुढे काच, मागे दोन्ही बाजूंना डबे टांगलेले आणि एवढ्या पावसातही जवळजवळ स्वच्छ. दुसरी आटोपशीर, जाड टायरची, चिखलाने माखलेली. दोन्ही टाक्यांवर एकच नाव: येझदी. पहिली ॲडव्हेंचर, दुसरी स्क्रॅम्बलर. मी चहा प्यायचं विसरलो.

पोरं पंचविशीतली. उंच गाडीवाला म्हणाला, "काका, हिचं पुढचं चाक २१ इंची. दगडधोंड्यांवरून बघा कशी जाते!" चिखलवालीचं १९. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं खरं, पण घाटाच्या वळणाला लहान चाक पटकन लवतं. दोघींचं इंजिन ३३४ सीसीचं, एकाच घरातलं. टाक्या मात्र १५.५ आणि १२.५ लिटरच्या, म्हणजे तीन लिटरचा फरक. पहिली लडाखचं नाव काढून निघालेली असते. दुसरीला कुठे चाललीस विचारलं तर "बघू" म्हणेल. मला बघूवाल्या बऱ्या वाटतात. गाडीही आणि माणसंही.

पण चिखलवाली जुन्या वळणाची, असं तो पोरगा म्हणाला आणि मला हसू आलं. जुनं वळण गडहिंग्लजच्या मामाकडे होतं. मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्याच्याही बऱ्याच आधीची त्याची येझदी. टू-स्ट्रोक, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. मामा गल्लीच्या तोंडाशी आला की मामी चहाचं आधण ठेवायची, इतका तिचा आवाज ओळखीचा.

तिची खरी गंमत डाव्या पायाशी. किक आणि गिअर एकाच दांड्यावर! दांडा आत दाबून वर फिरवायचा की झाली किक. गाडी सुरू झाली की तोच खाली पाडून गिअर टाकायचा. वर गिअर बदलताना क्लच दाबायचीही सक्ती नव्हती, पायाच्या दाबानेच तो सुटायचा. मामा सातवीतल्या मला हे सांगताना गणिताच्या मास्तरांसारखा गंभीर व्हायचा. एकदा मी गुपचूप किक मारायला गेलो, ती उलटी बसली. नडगीवर आलेलं टेंगूळ आठवडाभर विजारीखाली लपवलं. मामाला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे त्याने माझ्या लग्नात सांगितलं.

त्या गाडीला कुणी ॲडव्हेंचर म्हटलं नाही की स्क्रॅम्बलर. तिने गुळाच्या ढेपा वाहिल्या, उसाच्या फडातून वाट काढली, तापाने फणफणलेल्या शेजाऱ्याला मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. आणि दर श्रावणात मामीला घेऊन आंबोली. मामी एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर डबा, डब्यात थालीपीठं. मी टाकीवर.

आंबोलीच्या अलीकडे गाडी हमखास बंद पडायची. मामा प्लग काढून बनियनला पुसायचा, त्यावर फुंकर मारायचा, पुन्हा बसवायचा. पाऊस नुसता ओतत असायचा. मामी शेजारी छत्री उघडून उभी. छत्री इंजिनावर धरलेली आणि मामा भिजतोय.